आवडत्या चित्रकाराकडून नेमकं काय घ्यायचं?

तुमचा आवडता चित्रकार कोण, असं विचारलं की बहुतेक जण क्षणभर थांबतात. मग एखादं नाव येतं. राजा रविवर्मा, हुसेन, व्हॅन गॉग, अमृता शेरगिल. कुणाला आजीच्या देवघरातली लक्ष्मीची तसबीर आठवते आणि ती रविवर्म्याच्या चित्रावरून छापलेली होती, हे फार नंतर कळल्याचंही ते सांगतात. कुणी इन्स्टाग्रामवरच्या एखाद्या जलरंगवाल्याचं नाव घेतं, ज्याचे व्हिडिओ रात्री झोपताना पाहिले की डोकं शांत होतं.

पण पुढचा प्रश्न विचारला, ‘‘मग तुम्हीही काढता का चित्रं?’’ की आवाज एकदम खाली येतो. ‘‘शाळेत काढायचे. एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही दिल्या होत्या. आता कुठे वेळ मिळतो?’’

वेळेचं कारण खरं आहेच. पण वेळ मिळाला तरी काय होतं, तेही पाहा. रविवारी दुपारी सगळे झोपलेले असताना तुम्ही रंगांची जुनी पेटी काढता. फोनवर आवडत्या चित्रकाराचं चित्र उघडता आणि ते जसंच्या तसं उतरवायला बसता. तासाभरात आकाशाचा चिखल होतो, चेहरा भलत्याच कुणाचातरी दिसायला लागतो. मूळ चित्र शेजारीच फोनमध्ये चमकत असतं. तुलना होते आणि वही पुन्हा माळ्यावर जाते. ‘माझ्या हातात कला नाही’ असा निकाल लागतो आणि पुढची दोनचार वर्षं तोच निकाल चालतो.

मला विचाराल तर दोष हाताचा नसतो. आपण त्या चित्राकडे जे मागितलं, ते मागणंच चुकलेलं असतं. आपण त्याच्याकडे तयार फळ मागतो, तेही दीड तासात. आवडत्या चित्रकाराकडून घेण्यासारखी गोष्ट वेगळीच असते. त्याने काय ठरवलं होतं? कोणता रंग वापरायचा नाही, रेघ जाड ठेवायची की बारीक, कशाकडे पाहायचं, कशाकडे पाठ फिरवायची? हे ठरवणं उचलायला फार कौशल्य लागत नाही. आणि गंमत म्हणजे मोठमोठ्या चित्रकारांनी आपापल्या आवडत्या चित्रकारांकडून हेच उचललं आहे.

नक्कल करा, पण व्हॅन गॉगसारखी

नक्कल करूच नका, असं मी म्हणणार नाही. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने आयुष्यभर नकला केल्या. तो चित्रकलेकडे वळला 1880मध्ये, वयाच्या 27व्या वर्षी. त्याआधी चित्रांच्या दुकानात नोकरी, शिक्षकी, धर्मप्रचार असं बरंच काही करून झालं होतं. म्हणजे ‘माझं वय निघून गेलं’ हे कारण त्याच्यासमोर तरी चालणार नाही. सुरुवातीला त्याने शार्ल बार्ग याच्या रेखाटनाच्या धड्यांची पानंच्या पानं गिरवली. शेतात राबणाऱ्या माणसांची चित्रं काढणारा ज्याँ-फ्रान्स्वा मिले हा त्याचा फार लाडका चित्रकार. त्याचीही चित्रं त्याने पुन्हा पुन्हा उतरवली.

1889मध्ये तो सेंट रेमी इथल्या मनोरुग्णालयात राहायला गेला. अनेकदा बाहेर पडता यायचं नाही, समोर बसायला माणूस मिळायचा नाही. तेव्हा तो पुन्हा मिलेकडे वळला आणि त्या काळात त्याने मिलेच्या चित्रांवरून वीसएक चित्रं रंगवली. पण त्याच्यासमोर मिलेची मूळ चित्रं नव्हतीच. होते ते काळे-पांढरे छाप. रेषा मिलेची, माणसांची ठेवण मिलेची. निळे, पिवळे, जांभळे रंग मात्र सगळे त्याने स्वतः ठरवलेले. भाऊ थिओला लिहिलेल्या पत्रांत त्याने हे समजावताना वादकाचं उदाहरण दिलं आहे. रचना दुसऱ्याची असली तरी वाजवणारा ती आपल्या पद्धतीने वाजवतो आणि त्याला कुणी नक्कल म्हणत नाही.

ही युक्ती आज तुमच्या फोनमध्ये आहे. आवडत्या चित्राचा फोटो घ्या आणि संपादनात जाऊन तो काळा-पांढरा करा. मूळ रंग दिसेनासे झाले की तुलनेची सोयच उरत नाही. आता रंग तुम्ही ठरवायचे. घरात असलेल्या बारा खडूंपैकी कोणते तीन घेणार? सावलीला काळा लावणार की जांभळा? पहिल्यांदा गडबड होईल, पण ती तुमची गडबड असेल.

व्हॅन गॉगचं जपानी चित्रांचं वेड तर याहून शिकण्यासारखं आहे. त्याने आणि थिओने जपानी लाकडी ठशांच्या छापील चित्रांचा मोठा संग्रह केला होता. तेव्हा ही चित्रं पॅरिसमध्ये स्वस्तात मिळायची. 1887मध्ये त्याने हिरोशिगेची दोन चित्रं तैलरंगात उतरवली, एक फुललेल्या झाडाचं आणि दुसरं पुलावरच्या अचानक आलेल्या पावसाचं. ही सरळसरळ नक्कल होती, कडेला जपानी अक्षरांसकट.

तीन वर्षांनी, 1890च्या फेब्रुवारीत, थिओला मुलगा झाल्याची बातमी आली. बाळाचं नाव काकावरूनच व्हिन्सेंट ठेवलं होतं. काकाने पुतण्यासाठी चित्र काढायला घेतलं, निळ्या आकाशावर बदामाच्या फुललेल्या फांद्या. हे चित्र तुम्ही नक्की पाहिलेलं आहे. मगवर, पडद्यांवर, फोनच्या कव्हरवर ते असतं. त्यात पूल नाही, किमोनो नाही, जपानी अक्षर नाही. पण फांदीला गडद बाह्यरेषा आहे, आकाश सपाट आहे आणि झाडाचं खोड, जमीन काही न दाखवता फांद्या कडेलाच कापल्या आहेत. हिरोशिगेकडून त्याने एवढंच ठेवून घेतलं. बाकी फांद्या फ्रान्समधल्या, फुलं वसंताच्या तोंडावरची, आणि निमित्त घरातल्या बाळाचं.

शेजारच्या मैत्रिणीला बाळ झालं की आपण ऑनलाइन झबलं मागवतो. एखाद्या वेळी खिडकीतून दिसणारी शेवग्याची फुललेली फांदी काढून पाहा. खोड काढायचं नाही, जमीन काढायची नाही, कागदाच्या कडेने फांदी कापायची. जमली नाही तर झबलं आहेच.

पॅरिसहून अजिंठ्याला

अमृता शेरगिलचं नाव निघालं की तिचं सौंदर्य, तिचं बेधडक वागणं आणि 28व्या वर्षी आलेला मृत्यू यांवरच बोलणं होतं. तिच्या कामाबद्दल त्या मानाने कमी. बुडापेस्टमध्ये 1913 साली जन्म, आई हंगेरियन, वडील पंजाबी सरदार घराण्यातले, शिक्षण पॅरिसच्या नामांकित कला विद्यालयात. विशीतच तिच्या ‘यंग गर्ल्स’ या चित्राला तिथलं सुवर्णपदक मिळालं. सेझान आणि गोगँ हे तिचे आवडते चित्रकार. तिथेच राहून चांगलं नाव कमावता आलं असतं.

1934च्या अखेरीस ती भारतात परतली आणि दोन वर्षांनी आपल्याकडच्या अजिंठा-वेरूळला आली. अजिंठ्याच्या भिंतींसमोर उभं राहिल्यावर तिची चित्रं बदलली, हे तिच्या 1937च्या तीन मोठ्या चित्रांत कुणालाही दिसेल. एकात नवरीला सजवणाऱ्या बायका, दुसऱ्यात ब्रह्मचारी, तिसऱ्यात बाजाराला निघालेले दक्षिणेकडचे गावकरी. उजेड-सावलीचा खेळ कमी झाला. रंग मातीचे झाले, गेरू, तपकिरी, मळकट पांढरा. माणसं एकमेकांजवळ शांत बसलेली, उभी राहिलेली, डोळे खाली.

आता यात अजिंठ्याचं काय आहे? बोधिसत्त्व नाही, राजपुत्र नाही, जातककथा तर नाहीच. दक्षिणेच्या प्रवासात पाहिलेली साधी माणसं आहेत. अजिंठ्याकडून तिने आकृत्या एकत्र गुंफण्याची पद्धत घेतली, रंगांचा संयम घेतला. मराठी माणसाने अजिंठा सहलीत पाहिलेला असतो, बसमधून उतरून धावतपळत. पुढच्या वेळी एका चित्रासमोर दहा मिनिटं उभं राहा आणि फक्त एवढंच पाहा की माणसं एकमेकांना कुठे चिकटून आहेत आणि कुठे सुटी आहेत.

तुम्ही इंदूरला राहत असाल, बंगळुरूला किंवा गुरुग्रामला, सकाळी सोसायटीच्या फाटकाशी शाळेच्या बसची वाट पाहणारा घोळका असतोच. कुणी गाऊनवर ओढणी घेतलेली, कुणी ऑफिसच्या कपड्यांत, एखादे आजोबा नातवाचं दप्तर पाठीला लावून. हा घोळका अमृताच्या पद्धतीने काढून पाहा. सावल्या नाहीत, चेहऱ्यावर हसू नाही, तीनच रंग आणि माणसं एकमेकांना टेकलेली. बस येईपर्यंत चार मिनिटं मिळतात. पेन्सिलने ठेवण टिपायला तेवढी बास. रंग घरी गेल्यावर.

नको ते सोडणारे जामिनी रॉय

काही चित्रकारांकडून काय घ्यायचं यापेक्षा काय सोडायचं, हे शिकावं. जामिनी रॉय त्यातले. 1887मध्ये बंगालच्या बांकुरा जिल्ह्यातल्या बेलियातोड गावी जन्म, शिक्षण कोलकात्याच्या सरकारी कला विद्यालयात. युरोपीय पद्धतीची व्यक्तिचित्रं ते उत्तम काढत आणि त्यावर पोटही भरत होतं. तरी विशीच्या दशकात त्यांनी ते हळूहळू सोडलं आणि कालीघाटच्या पटांकडे, गावाकडच्या मातीच्या खेळण्यांकडे वळले. कॅनव्हासऐवजी कापड, लाकूड, चटया. नळीतल्या महागड्या रंगांऐवजी मातीचे, खनिजांचे, झाडपाल्याचे रंग, ते चिकटावेत म्हणून चिंचोक्याची खळ. मोजके सात रंग आणि काजळीची जाड, वळणदार रेघ. मोठाले बदामी डोळे. त्यांची मांजर तोंडात मासा धरून पाहते ना, ती एकदा पाहिली की विसरता येत नाही.

त्यांनी चित्रांच्या किमतीही मुद्दाम कमी ठेवल्या, साध्या घरांत चित्रं लागावीत म्हणून. ही गोष्ट मला त्यांच्या रेघेइतकीच आवडते.

आपल्या हौशी चित्रकलेचा निम्मा जीव सामानात अडकलेला असतो. आधी चांगले ब्रश येऊ देत, मग तो परदेशी कागद, मग टेबल, मग वेळ. रॉय यांच्याकडून ‘आहे त्यात’ हा एक शब्द घ्या. घरात काय आहे ते पाहा. रांगोळीच्या दुकानात गेरू मिळतो, पिवळी माती मिळते. कपड्यांची नीळ आहे, खडूची पूड आहे, निरांजनावर ताटली धरून काजळी धरता येते. डिंक रात्रभर भिजवून गाळून घ्या आणि त्यात हे रंग खलून पाहा. हळदीचा पिवळा सुरेख दिसतो, पण उन्हात लवकर उडतो, म्हणून भिंतीवर लावायच्या चित्रात तो नको. मुलं सोबत असतील तर पांढऱ्यासाठी चुना घेऊ नका, डोळ्यांत गेला तर महागात पडतो; खडूच बरा. कागद नसेल तर लग्नपत्रिकांच्या पाठी आहेत. त्या जाड असतात आणि दर मोसमात नव्या येतात.

दवाखान्याचं चित्र

आता माझ्या सगळ्यात आवडत्या चित्रकार, गंगादेवी. मिथिलेच्या. मधुबनी म्हणून आपण ओळखतो ती चित्रकला तिथल्या बायका पिढ्यानपिढ्या घराच्या भिंतींवर काढत होत्या. विशेषतः कोहबर, म्हणजे नवदांपत्याच्या खोलीतली भिंत. 1966-67मध्ये बिहारमध्ये भीषण दुष्काळ पडला. बायकांना चार पैसे मिळावेत म्हणून त्यांना कागद देऊन चित्रं काढायला सांगण्याची योजना निघाली आणि त्या कामासाठी मुंबईहून भास्कर कुलकर्णी हे मराठी चित्रकार तिकडे गेले. गावोगावी फिरून त्यांनी बायकांच्या हाती कागद दिले. भिंतीवरची रेघ कागदावर आली आणि मग जगभर गेली. जपानमधल्या तोकामाची इथे तर चक्क मिथिला संग्रहालय आहे.

गंगादेवींची शैली कचनी, म्हणजे बारीक रेघांनी भरत जाण्याची. रंग कमी, रेघ अतिशय बारीक आणि ठाम. आता बघा, आईकडून शिकलेल्या या रेघेचं त्यांनी काय केलं. 1985च्या सुमारास भारत महोत्सवासाठी त्या अमेरिकेला गेल्या. परत आल्यावर त्यांनी तिथला उंच पाळणा काढला, रोलर कोस्टर. कचनी रेघेत! गाड्यांत बसलेली माणसं, वळणावळणाचे रूळ. मिथिलेच्या कुठल्याही भिंतीवर त्याआधी रोलर कोस्टर नव्हता. तो कसा काढायचा हे सांगायला कुणी नव्हतं. त्यांनी तो कमळवेल काढावी तसा काढला.

पुढे त्यांना कर्करोग झाला. दिल्लीत उपचार सुरू झाले आणि त्या आजारपणावर त्यांनी चित्रांची मालिकाच केली. दवाखाना, खाटा, तपासण्या, उपचार, सगळं त्याच शुभकार्याच्या रेघेत. 1991मध्ये त्या गेल्या. दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयात त्यांनी एक अख्खं कोहबर घर रंगवलं होतं. 2015मध्ये नूतनीकरणाच्या काळात तेही गेलं. कागदावरचं मात्र राहिलं.

लग्नघरासाठी घडलेल्या रेघेत कुणी वॉर्डमधली खाट काढेल, असं कोणाला वाटलं असतं? इथे मी थोडी थांबते, कारण सगळ्या विषयाचं मर्म मला इथे दिसतं. आपल्याकडे मधुबनीचे क्लास जोरात चालतात. मासा, मोर, कमळ, राधाकृष्ण. सगळ्यांच्या फ्रेम सारख्या. शिकताना ते ठीकच आहे. पण गंगादेवी आवडत असतील तर मोरावर थांबून चालणार नाही. तुमच्या आयुष्यात सध्या काय चाललंय? सासूबाईंचं डायलिसिस असेल, मुलाची बारावी असेल, घरातून काम करताना लॅपटॉपशेजारी गार झालेला चहा असेल. ते त्या रेघेत कसं दिसेल? डायलिसिसच्या यंत्राच्या नळ्या कचनीत वेलीसारख्या जातील का? हे काढायला जरा धीर लागतो. चित्र म्हणजे सुंदरच काहीतरी, हे आपल्या मनात इतकं पक्कं बसलंय की दवाखान्यात बसलेल्या चार तासांत आपण फोन पाहतो आणि समोरची ओळीने मांडलेली खुर्च्यांवरची माणसं कधी काढत नाही.

तेच भास्कर कुलकर्णी पुढे डहाणूकडच्या वारली पाड्यांवर आले आणि तिथे जिव्या सोमा म्हसे यांचं काम जगापुढे यायला त्यांची मदत झाली. वारल्यांत लग्नाचा चौक सुवासिनी काढत, तांदळाच्या पिठाने. म्हसे पुरुष असूनही काढू लागले आणि तेही रोज, लग्नाची वाट न पाहता. माशांच्या जाळ्याचं त्यांचं एक प्रकारचं चित्र आहे. हजारो बारीक रेघांचं जाळं अख्ख्या कागदावर पसरलेलं, आणि एका कोपऱ्यात इवलासा माणूस. 2011मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2018मध्ये ते गेले.

वारली आपल्याला फार सोपी वाटते. दोन त्रिकोण जोडले की माणूस झाला, गोल फिरवला की तारपा नाच झाला, कुशनवर छापायला मोकळे. पण म्हसे ज्या बारकाईने जाळं, मुंग्या, शेत पाहत होते, त्या बारकाईने तुम्ही पाण्याच्या टँकरभोवतीची रांग पाहिली किंवा संध्याकाळी सहाचा मेट्रोचा डबा पाहिला, तर तुमच्या त्रिकोणी माणसांना काहीतरी काम मिळेल. फक्त ते ‘अस्सल वारली’ म्हणून विकू नका. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे आणि तिच्यावर पोट असलेली माणसं आजही पाड्यांवर आहेत.

कात्री चालेल का?

हात थरथरतो म्हणून आजोबांनी चित्र सोडलं असेल किंवा ब्रश धरण्याचा कंटाळा करणारं पोर घरात असेल, तर हेन्री मातीस उपयोगी पडेल. 1941मध्ये पोटाच्या कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया झाल्यावर त्याला फार वेळ उभं राहून रंगवणं जमेना. मग त्याने कात्री घेतली. मदतनीस कागद एकेका रंगात रंगवून देत, तो अंथरुणात किंवा चाकांच्या खुर्चीत बसून आकार कापे आणि ते भिंतीवर टाचून हवे तसे हलवायला सांगे. म्हातारपणी केलेली ही कागदी चित्रं त्याच्या नावावरची सर्वांत ताजीतवानी चित्रं मानली जातात.

मातीस विणकरांच्या गावात वाढला, कापडाचा त्याला फार शौक. जुनी कापडं जमवून तो ती चित्रांत पडद्यासारखी मांडायचा. आपल्या घरात याला तोटाच नाही. आईच्या इरकलीचे काठ, गोधडीचे तुकडे, खणाचा उरलेला कपडा. मुलाला घोटीव कागद आणि बोथट टोकाची कात्री द्या, आजोबांना आकार मांडायला बसवा. एक सूचना मात्र मोठ्यांसाठी आहे, मुलाच्या कागदाला हात लावायचा नाही. ‘हे झाड असं नसतं’ हे वाक्य घरोघरी चित्रकार संपवतं. त्याला त्याचा आवडता चित्रकार ठरवू द्या. तो एखाद्या कार्टूनचा चित्रकार निघाला तरी चालेल.

एक साधी वही

हे सगळं लक्षात कसं ठेवायचं? प्रभाकर बरवे यांचं ‘कोरा कॅनव्हास’ हे मराठी पुस्तक मिळालं तर वाचा. घड्याळ, पान, पाकीट अशा रोजच्या वस्तूंना चित्रात अनोखी जागा देणारा हा चित्रकार डायऱ्या लिहीत असे, वस्तू कशी दिसते याचा विचार करत. तशीच एक शंभर पानी वही ठेवा. आवडलेलं चित्र दिसलं की ‘सेव्ह’ करून पुढे जाऊ नका. सेव्ह केलेली चित्रं आपण पुन्हा बघत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. वहीत दोन ओळी लिहा. डोळा आधी कुठे गेला? किती रंग आहेत? मोजा खरंच, बहुतेकदा वाटतात त्यापेक्षा कमी निघतात. यातलं काय मला माझ्या स्वयंपाकघरात वापरता येईल? शेजारी बोटभर रेखाटन केलं तरी पुरे.

एका महिन्याला एकच चित्रकार घ्या. तीसच्या तीस दिवस त्याच्या एकाच सवयीवर राहायचं. महिनाभर जाड रेघ, पुढच्या महिन्यात सावल्या बंद. रोज नवा चित्रकार पाहिला की डोळ्यांची चैन होते, हाताला काही लागत नाही.

विकायची वेळ आली तर

हल्ली हौशी मंडळी प्रदर्शनांत, सोसायटीच्या दिवाळी मेळ्यात किंवा ऑनलाइन चित्रं विकतात. तेव्हा थोडं कायद्याचं पाहून घ्या. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षांपर्यंत त्याच्या चित्रांवर कॉपीराइट असतो. रविवर्मा 1906मध्ये गेले, अमृता शेरगिल 1941मध्ये, त्यामुळे त्यांच्या चित्रांवरून तुम्ही मोकळेपणाने काम करू शकता. जामिनी रॉय 1972मध्ये गेले, म्हणजे 2032 संपेपर्यंत थांबायला हवं. इन्स्टाग्रामवरचा तुमचा लाडका कलाकार तर हयात आहे. त्याचं चित्र उतरवून घरात शिकायला ठेवणं वेगळं आणि पाचशे रुपयांना विकणं वेगळं. विचारलं तर अनेक जण आनंदाने सांगतात, कधी नाही म्हणतात. नाही म्हटलं तर नाही. काहीही उतरवलं की पाठीमागे कुणाच्या चित्रावरून, कधी, हे पेन्सिलने लिहून ठेवा. विकायचं नसलं तरी.

आणि मूळ चित्रं एकदा तरी प्रत्यक्ष पाहा, कारण फोनवर सगळ्यांचा आकार सारखाच होतो. दिल्लीत असाल तर इंडिया गेटजवळच्या जयपूर हाउसमधल्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात अमृता शेरगिलचा मोठा संग्रह आहे. याच संग्रहालयाच्या शाखा मुंबईत आणि बंगळुरूत आहेत. बडोद्याच्या मराठी मंडळींना रविवर्मा घराजवळच, महाराजा फतेसिंह संग्रहालयात. तिरुअनंतपुरमला श्री चित्रा कलादालन आहे. पाटण्याच्या बिहार संग्रहालयात मिथिलेची चित्रं पाहता येतील. सातारा जिल्ह्यात औंधला पंतप्रतिनिधींनी उभारलेलं संग्रहालय आहे, तिथे गावाकडे जाता-येता सहज थांबता येतं. मुंबईच्या जहांगीर कलादालनात जायला तर तिकीटही नाही, आणि अनेकदा चित्रकार स्वतः तिथे बसलेले असतात. त्यांना जाऊन विचारा, तुमचा आवडता चित्रकार कोण? उत्तर द्यायला ते बराच वेळ देतात असा अनुभव आहे.

सोमवारी पुष्कळ संग्रहालयं बंद असतात, निघण्याआधी वेळ पाहून घ्या. दालनात बसून रेखाटन करायचं असेल तर रखवालदाराला आधी विचारा आणि पेन नको, पेन्सिल न्या.